कार्ड शिकवतो, नोंद शिकवत नाही

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीला तालिकीकरणाची, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी करण्याची, प्रात्यक्षिक परीक्षा कशी असते, हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला पाठ असते. प्रश्नपत्रिकेत चौकटीत शीर्षकपृष्ठ छापलेले असते: ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्ती, प्रकाशक, गाव, वर्ष. चौकटीखाली ‘इतर माहिती’: पृष्ठे, आकार २२ सेंमी, मालेचे नाव, दाखल क्रमांक, वर्गांक. विद्यार्थी साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचे कार्ड आखतो, उभ्या रेघा ओढतो, पहिल्या समासात लेखक, दुसऱ्या समासात ग्रंथनाम लिहितो. मग ट्रेसिंग, म्हणजे आणखी कोणत्या नावांखाली व विषयांखाली कार्डे करायची त्याची यादी, आणि मग त्या ट्रेसिंगप्रमाणे अतिरिक्त नोंदींची कार्डे. एका भागात एएसीआर-२ ही अँग्लो-अमेरिकन नियमावली, दुसऱ्या भागात रंगनाथनांची वर्गीकृत तालिका संहिता, म्हणजे सीसीसी. समास चुकला की गुण जातात. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला तरी जातात.

जगभरच्या ग्रंथालयांना छापील कार्डे पुरवणाऱ्या ओसीएलसीने आपले शेवटचे कार्ड १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपली कार्ड-तालिका १९८१च्या सुरुवातीलाच गोठवली होती. महाराष्ट्रातल्या ज्या महाविद्यालयांत आपले विद्यार्थी नोकरी मागायला जातात, तिथली कार्डांची कपाटे एक तर अडगळीत आहेत, नाही तर त्यांच्या खणांत परत आलेल्या पुस्तकांच्या पावत्या ठेवतात. तरीही काही ठिकाणी कार्ड लिहिण्याचा सराव अजून अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आहे. माझी तक्रार कार्डाबद्दल नाही. कार्ड हे साधन होते आणि उत्तम साधन होते. तक्रार अशी आहे की कार्डाची मांडणी शिकवताना, नोंद बरोबर आहे की चूक, पुरेशी आहे की अपुरी, हे ठरवायला आपण शिकवत नाही. नोकरीत नेमके तेच रोज करावे लागते.

यावर दोन उपाय सुचवले जातात. दोन्ही मला चुकीचे वाटतात. पहिला: तालिकीकरणाचे तास कमी करा, आता नोंदी तयार मिळतात, त्या जागी ‘डिजिटल ग्रंथालय’ शिकवा. दुसरा: ग्रंथालयाची सॉफ्टवेअरे शिकवा, कोहा शिकवा, सोल शिकवा, ई-ग्रंथालय शिकवा, म्हणजे मुलांना नोकऱ्या लागतील. पहिल्या उपायात तयार नोंद तपासणार कोण, याचे उत्तर नाही. दुसऱ्यात मूल बटणे शिकते. सोल २००० साली आले, २००९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, नंतर तिसरी. प्रत्येक वेळी पडद्यावरची बटणे हलली. मार्क २१ या संगणकीय नोंदीच्या ठरीव साच्यात प्रत्येक माहितीच्या रकान्याला, म्हणजे फील्डला, क्रमांक असतो; त्यातल्या २४५ क्रमांकाच्या फील्डमध्ये ग्रंथनाम लिहायचे, ही गोष्ट मात्र हलली नाही.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात नवा ग्रंथपाल काय करतो ते पाहू. महाविद्यालयात नॅकची समिती येणार असते. ग्रंथालय संगणक प्रणालीने स्वयंचलित आहे का, हा त्या मूल्यमापनातला एक निकष राहिला आहे. त्यामुळे घाईघाईने कोणीतरी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये उतरवून ठेवलेली असते आणि ती फाइल नव्या माणसाच्या हाती दिली जाते: “ही कोहात टाका.” इथपासून ज्या चुका सुरू होतात, त्यांतली एकही परीक्षेत कधी आलेली नसते.

दाखल नोंदवहीत एका प्रतीला एक ओळ असते. पाठ्यपुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच ओळी. ती फाइल तशीच आयात केली की प्रत्येक ओळीचे एक स्वतंत्र पुस्तक होते आणि वाचकाला एकाच ग्रंथाचे पाच शोधनिकाल दिसतात, प्रत्येकावर एक प्रत. खरे तर ग्रंथाची नोंद एक आणि तिच्याखाली प्रतींच्या पाच नोंदी हव्या; कोहात त्या ९५२ या फील्डमध्ये जातात. म्हणजे आयातीच्या आधीच ओळी एकत्र कराव्या लागतात. कशाच्या आधारे? आयएसबीएनच्या, असे वाटते. पण एक्सेलने तेरा अंकी आयएसबीएनला संख्या समजून ‘९.७८ई+१२’ असे काहीतरी करून ठेवलेले असते, आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून साठवली असेल तर पहिल्या तिनांनंतरचे आकडे कायमचे गेलेले असतात. संगणकशास्त्राच्या पुस्तकांचा ००५ हा वर्गांक नुसता ५ झालेला असतो, कारण सुरुवातीची शून्ये एक्सेल गाळते. त्या पुस्तकांचे लेबल छापले की ती फडताळावर भलतीकडेच जातात. उपाय अगदी साधा आहे: मजकूर भरण्याआधी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनात साठवायची. साठवताना संकेतन चुकले तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. दहा मिनिटांत शिकवता येईल अशी ही गोष्ट आहे आणि ती ठाऊक नसल्यामुळे आख्खा संग्रह पुन्हा भरायची पाळी येऊ शकते.

आता मराठीकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे आणि अभ्यासक्रम तिच्याकडे पाहतच नाही. शिकवताना उदाहरणे बहुधा इंग्रजी पुस्तकांची घेतली जातात. ग्रंथनामाच्या सुरुवातीचे ‘The’ हे उपपद (तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा) क्रमवारीत धरू नये म्हणून २४५च्या दुसऱ्या निर्देशकात, म्हणजे फील्डला जोडलेल्या अंकात, ४ लिहायचे, हे विद्यार्थ्याला पक्के ठाऊक असते. मराठीत उपपदे नाहीत; तिथे तो निर्देशक शून्यच. पण मराठीत ज्या भानगडी आहेत, त्यांच्याबद्दल त्याला कोणी काही सांगितलेले नसते.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ताऱ्यांचे’ या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ते अदृश्य चिन्ह कुठल्या रूपांतरात गळाले तर ‘दुसर्या’ असा रफार उरतो, म्हणजे तिसरे रूप. ‘ॲ’चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या आणि कित्येकदा नंतरच्याही नोंदींत अ वर चंद्र देऊन काम भागवलेले असते. ही दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी आपोआप एक होत नाहीत. ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘ॲनिमल’ शोधणाऱ्या वाचकाला अर्धीच पुस्तके सापडतात, आणि उरलेली आपल्याकडे नाहीतच असे समजून तो निघून जातो.

‘वाङ्मय’ हा शब्द घ्या. मराठी विभागाच्या फडताळावरचा हा सर्वांत नेहमीचा शब्द असेल. टंकलेखनात ङ सापडत नाही म्हणून तो ‘वाड्मय’, ‘वाङमय’, ‘वांग्मय’ अशा रूपांत भरला जातो. एकाच ग्रंथालयाच्या तालिकेत चारही रूपे सुखाने नांदतात. श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतनात टंकलेले ग्रंथनाम थेट चिकटवले तर रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. रूपांतरकातून काढले तर ऱ्हस्व इकार आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसू शकतात. शिवाय कोहा झेब्रा या शोधयंत्रावर चालत असेल, तर त्याची अनुक्रमणी देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या पद्धतीची करून घ्यावी लागते. मूळ मांडणीवर ठेवले तर मराठी शोध धड चालत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

क्रमवारीचेही तसेच. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. कार्डांच्या कपाटात त्यांचे खण ळ नंतर असत. संगणकाची साधी क्रमवारी क्ष ला क खाली आणि ज्ञ ला ज खाली घालते. लेखकसूची छापून भिंतीवर लावणाऱ्या ग्रंथालयात ज्ञानेश्वर कुठे सापडतील, हे ठरवणारा माणूस तालिकीकार असतो. त्याला हा प्रश्न आहे हेच माहीत नसेल, तर तो ठरवणार काय?

मग लेखकांची नावे. एएसीआर-२ मध्ये भारतीय नावांसाठी नियम आहेत आणि ते शिकवले जातात, पण एका नियमाला एक उदाहरण अशा बेताने. प्रत्यक्षात मराठी लेखकाच्या नावाला चार-पाच रूपे असतातच. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे, देशपांडे पु ल, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे: टिंबे आणि जागा बदलल्या की संगणकाच्या लेखी माणूस बदलला. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे तर पाठ्यपुस्तकात घालावे असे उदाहरण आहे. कविता एका नावाने, नाटके दुसऱ्या नावाने. अशा वेळी दोन्ही नावांना स्वतंत्र शीर्षके द्यायची आणि दोन्हींमध्ये ‘हेही पाहा’ असा दुवा ठेवायचा, म्हणजे प्राधिकृत नोंदीत (नावाचे ठरलेले रूप आणि त्याची इतर रूपे जिथे एकत्र ठेवतात त्या नोंदीत) ५०० हे फील्ड भरायचे. मालती बेडेकर, विभावरी शिरूरकर आणि बाळूताई खरे ही एकाच लेखिकेची तीन नावे. अनुक्रमे लग्नानंतरचे, टोपणनाव आणि लग्नाआधीचे. यांतले कोणते नाव प्राधिकृत धरायचे आणि कोणते नुसत्या ‘पाहा’ने जोडायचे, याचा निर्णय करायला प्रत्यक्ष ग्रंथ समोर हवेत, कोणत्या आवृत्तीवर कोणते नाव छापले आहे ते बघायला हवे. छापील प्रश्नपत्रिकेतल्या चौकटीवरून हा निर्णय करता येत नाही, कारण तिथे निर्णय आधीच कोणीतरी केलेला असतो.

प्राधिकृत नोंदी हा विषय बहुतेक अभ्यासक्रमांत एका व्याख्यानात संपतो. मला तो तालिकीकरणाचा कणा वाटतो. ज्ञानेश्वरी, सार्थ ज्ञानेश्वरी, भावार्थदीपिका, अमुक अध्याय सटीप: हे एकाच कृतीचे अवतार आहेत, आणि ते एका समान ग्रंथनामाखाली, म्हणजे २४० किंवा १३० या फील्डच्या आधाराने, एकत्र आले नाहीत तर एका ग्रंथालयातली ज्ञानेश्वरी दहा ठिकाणी विखुरते. आयएफएलए या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये कृती, अभिव्यक्ती, प्रकटन आणि प्रत अशी जी चार पायऱ्यांची मांडणी केली, ती आपल्याकडे व्याख्येसह पाठ करून घेतात. या एका ग्रंथावरून ती अर्ध्या तासात डोक्यात पक्की बसेल.

भाषांतरांबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण मराठी वाचक भाषांतरे भरपूर वाचतो. “त्या इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद आहे का?” हा ग्रंथालयाच्या खिडकीवरचा रोजचा प्रश्न. ०४१ फील्डचा पहिला निर्देशक १ करून त्यात मराठी आणि मूळ भाषा असे दोन्ही संकेत भरले, २४० मध्ये मूळ ग्रंथनाम घातले आणि ७०० मध्ये अनुवादकाला जागा दिली, तर याचे उत्तर दोन सेकंदांत मिळते. बहुतेक तालिकांत मूळ ग्रंथनाम कुठेच नसते. ते पुस्तकाच्या श्रेयपानावर बारीक अक्षरांत छापलेले असते. ते पान उलटून पाहायची सवय शीर्षकपृष्ठाच्या चौकटीवर तयार झालेल्या विद्यार्थ्याला लागलेलीच नसते.

श्रेयपानाची आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ‘सातवी आवृत्ती’ असे छापलेले पुस्तक पुष्कळदा पहिल्या आवृत्तीचे सातवे पुनर्मुद्रण असते. मजकूर तोच, पाने तीच. प्रत्येक पुनर्मुद्रणासाठी नवी नोंद करायची की आहे त्याच नोंदीखाली प्रत वाढवायची? पृष्ठसंख्या, प्रस्तावना आणि आकार ताडून पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही. जुन्या ग्रंथांवर नुसते ‘शके १८७९’ असते. वर्ष बहुतांशी ७८ मिळवून निघते, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या प्रकाशनाला ७९ मिळवावे लागतात. महिना छापलेला नसेल तर १९५७-५८ असे चौकोनी कंसात द्यायचे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या ग्रंथनामांत ‘घरांतील’, ‘मराठीचें’ असे अनुस्वार असतात. ग्रंथनाम जसे छापले तसेच उतरवायचे, हा वर्णनाचा नियम. पण आजचा वाचक ‘घरातील’ असे शोधणार, म्हणून ते रूप २४६ मध्ये द्यायचे. इतके केले की ग्रंथाशीही प्रामाणिक राहता येते आणि वाचकाचीही सोय होते.

“नोंदी तयार मिळतात” या म्हणण्याची तपासणी इथेच करून टाकू. एका तालिकेतून दुसरीत नोंदी आणणाऱ्या झेड३९.५० या प्रोटोकॉलने काँग्रेस ग्रंथालयाच्या तालिकेतून मराठी पुस्तकांच्या नोंदी खरोखर मिळतात; त्यांचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके घेत आले आहे. पण त्या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत, त्यांच्या लिप्यंतर पद्धतीने असतात. त्या पद्धतीत व्यंजनातला प्रत्येक अकार लिहिला जातो, त्यामुळे शिरवाडकर हे नाव रोमनमध्ये ‘शिरवाडकरा’सारखे दिसते आणि अक्षरांच्या खाली-वर चिन्हे येतात. अशी नोंद आपल्या तालिकेत जशीच्या तशी ओतली तर मराठीत शोधणाऱ्या वाचकासाठी ती नसल्यातच जमा. एक तर देवनागरी रूप ८८० फील्डमध्ये जोडायचे, नाही तर मुख्य फील्ड देवनागरीत करून रोमन रूप पर्यायी ठेवायचे. यांतले काय करायचे हे ग्रंथालयाने एकदा ठरवून लिहून ठेवायचे. शिवाय आजही कित्येक पुस्तकांवर आयएसबीएन नसतो किंवा चुकीचा असतो, त्यामुळे जुळणीच्या नियमात नुसता आयएसबीएन ठेवला तर भलत्याच पुस्तकाची नोंद आपल्या नोंदीवर चढते. शीर्षकपृष्ठाच्या छायाचित्रावरून नोंद तयार करून देणारी यंत्रेही आता आली आहेत. ती वापरावीत. पण आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक, लेखकाचे टोपणनाव, मूळ ग्रंथनाम: यंत्र नेमके चुकू शकते ते इथेच, आणि चुकले तरी तितक्याच ठामपणे लिहिते. तपासणाऱ्याला या चुका ओळखता येत नसतील, तर यंत्राने वाचलेला वेळ पुढे वाचकाच्या डोक्यावर बसतो.

कार्डातून जपण्यासारखे काय आहे, तेही सांगायला हवे, नाही तर ही टीका उथळ ठरेल. माहितीचा मुख्य स्रोत कोणता, ही शिस्त जपायची. वाचक कोणत्या दाराने येईल याचा आधी विचार करून ट्रेसिंग लिहायचे, ही सवय जपायची. आजची ६५० (विषय) आणि ७०० (इतर व्यक्तींची नावे) ही फील्डे त्याच ट्रेसिंगची नवी रूपे आहेत. सीसीसी १९३४ साली आली. तिचे प्रात्यक्षिक मी आज बंद करेन. पण तिच्यातली शृंखला पद्धत ठेवेन, कारण वर्गांकाच्या एकेका पायरीवरून विषयशीर्षक काढायची ती रीत मराठी विषयशीर्षके तयार करायला आजही उपयोगी आहे. आपण विद्यार्थ्यांच्या हाती सीअर्सची इंग्रजी विषयशीर्षकांची यादी देतो आणि ६५० मध्ये काय लिहायचे हे त्यांच्या मर्जीवर सोडतो. परिणामी ते फील्ड रिकामे राहते, किंवा सगळ्या कादंबऱ्यांना ‘मराठी कादंबरी’ असे एकच शीर्षक मिळते, जे ८९१.४६३ या वर्गांकाने आधीच सांगितलेले असते. एखादी प्राध्यापिका “दुष्काळावर मराठीत काय काय आहे?” असे विचारते, तेव्हा ज्यांच्या नावात ‘दुष्काळ’ हा शब्द नाही अशी सगळी पुस्तके तिच्या नजरेआड राहतात.

एएसीआर-२चा तिघांचा नियम मात्र सोडून द्यावा. तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचे नाव देऊन ‘व इतर’ म्हणायचे, हा नियम कार्डावर जागा नव्हती म्हणून होता. २०१० साली आलेल्या आरडीए या नव्या नियमावलीने तो काढून टाकला आणि काँग्रेस ग्रंथालयाने ३१ मार्च २०१३ पासून आरडीए स्वीकारले. गौरवग्रंथ आणि संपादित लेखसंग्रह यांची मराठीत मोठी परंपरा आहे. वीस लेखकांतले एकोणीस ‘व इतर’मध्ये गाडले गेले, तर त्यांचे लेख कोणाला सापडणार? दिवाळी अंकांचेही तेच. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, तेव्हापासूनचे मराठी साहित्य मोठ्या प्रमाणात या अंकांत पडून आहे. त्यांची नियतकालिक म्हणून एक नोंद होते, पण आतल्या कथा-कवितांची ५०५ या अनुक्रमणिकेच्या फील्डमध्ये यादी क्वचितच केली जाते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय सिद्ध केली. आपल्या हाती संगणक आहे, आणि दिवाळी अंकांतल्या मजकुरासाठी तशी सूची करण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातूनच उभे राहू शकते.

नोकरीच्या बाजारपेठेकडेही बोट दाखवले पाहिजे. नुसत्या तालिकीकाराची जाहिरात आपल्याकडे क्वचितच निघते. महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी युजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट किंवा सेट आणि ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान लागते. नेट-सेटची परीक्षा बहुपर्यायी आहे. एएसीआर-२ कोणत्या साली आले, हे तिथे विचारता येते. समोरची नोंद चुकीची का आहे, हे फारसे विचारता येत नाही. मुलाखतीत ‘कोहा येते का?’ असे विचारले जाते आणि ‘हो’ या उत्तरावर विषय संपतो. नेमणूक करणाऱ्या संस्थेने उमेदवारासमोर पाच मराठी पुस्तके, एक संगणक आणि मुद्दाम बिघडवलेल्या दोन नोंदी ठेवल्या, तर पाऊण तासात सगळे कळेल. बाजारपेठ अशी परीक्षा घेत नाही, म्हणून महाविद्यालये तसे शिकवत नाहीत, आणि महाविद्यालये शिकवत नाहीत म्हणून बाजारपेठ ‘अनुभव असलेलेच हवेत’ म्हणते. हे चक्र पदवीच्या बाजूने तोडणे सोपे आहे, कारण तिथे निर्णय शिक्षकांच्या हातात आहेत.

शिवाय नोंद करण्याचे कौशल्य ग्रंथालयाबाहेरही चालते. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर चढवताना, डीस्पेस या सॉफ्टवेअरवर संस्थेचा डिजिटल संग्रह उभारताना, त्यासाठी डब्लिन कोअर या नोंदीच्या साध्या साच्याचे १५ घटक भरताना, प्रकाशकाची पुस्तकसूची ऑनलाइन विक्रेत्याकडे ओनिक्स या ग्रंथव्यवसायाच्या साच्यात पाठवताना, जुन्या हस्तलिखितांचे डिजिटायझेशन करताना प्रश्न तोच असतो: हे काय आहे, कोणाचे आहे, कधीचे आहे आणि शोधणारा कोणत्या शब्दाने येईल. ‘निर्माता’ या घटकात ‘डॉ. कुलकर्णी’ एवढेच भरणारा पदवीधर तिथेही टिकत नाही.

आक्षेप येईल: प्रयोगशाळा नाही, शिक्षक कमी, एक वर्षाची पदवी, आणि शिवाय छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाला ग्रंथनाम, लेखक आणि दाखल क्रमांक एवढेच पुरते. पहिल्या भागाचे उत्तर व्यवहारी आहे. कोहा, मार्क नोंदी दुरुस्त करणारे मार्कएडिट आणि बिघडलेल्या तक्त्यांची सफाई करणारे ओपनरिफाइन ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत. एका बऱ्या लॅपटॉपवर कोहा चढवून तो स्थानिक नेटवर्कला जोडला तर वीस विद्यार्थ्यांचा वर्ग चालतो. इंटरनेट गेले तरी चालतो. दुसरा भाग मला मुळातच मान्य नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. या काळात गावोगावच्या अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांत जे साठले आहे, त्यातले किती ग्रंथ इतरत्र कुठेच नाहीत, हे त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्याशिवाय कळणार नाही. आणि जुळवायच्या तर त्या सारख्या हव्यात. तिथल्या कर्मचाऱ्याला मिळणारे मानधन लाजिरवाणे आहे, ही वेगळी आणि तितकीच खरी तक्रार आहे. पण मानधन तुटपुंजे आहे म्हणून शिक्षणही तुटपुंजे द्यायचे, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो.

एका सत्रात काय बसेल, याचा माझा हिशेब असा. विभागाने चाळीस मराठी पुस्तकांचा एक सराव-संच करावा आणि तो कपाटात कुलपात न ठेवता वर्गात फिरवावा. त्यात दहा साधी पुस्तके, पाच भाषांतरे, पाच १९६२ पूर्वीची, तीन शके छापलेली, चार टोपणनावांची, पाच संपादित, ज्ञानेश्वरीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या, दोन दिवाळी अंक आणि तीन शासकीय अहवाल असावेत. शासकीय अहवाल यासाठी की खात्यांची नावे बदलत राहतात आणि संस्थाकर्तृत्व, म्हणजे ११० हे फील्ड, त्याशिवाय समजत नाही. पहिले आठ तास नोंद कागदावर साध्या मराठीत लिहायची, कोणतेही सॉफ्टवेअर न उघडता. पुढचे बारा तास तीच नोंद मार्क २१ मध्ये भरायची. नवशिक्याला एका पुस्तकाला अर्धा तास द्यावा, घाई करू नये. त्यानंतर बाहेरून आणलेल्या वीस नोंदी दुरुस्त करायच्या. शेवटचे दहा-बारा तास पाचशे ओळींची एक बिघडलेली एक्सेल फाइल ओपनरिफाइनमध्ये उघडायची, लेखकांच्या स्तंभाचे फॅसेट, म्हणजे त्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी, काढून एकाच लेखकाची सगळी रूपे शेजारी आणायची, ‘वाङ्मय’ची चार रूपे एक करायची, प्रतींच्या ओळी जोडायच्या आणि मग आयात करायची. मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवायची, हे पहिल्याच दिवशी सांगायचे.

परीक्षा बदलायला अभ्यास मंडळाची वाट पाहावी लागेल, पण अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात. प्रश्न असा घालता येईल: सोबतचे पुस्तक आणि त्याची पडद्यावरची नोंद ताडून पाहा, नोंदीत सहा चुका आहेत, प्रत्येक चूक दुरुस्त करा आणि ती तशीच राहिली असती तर कोणता वाचक या पुस्तकापर्यंत पोहोचला नसता, ते एका वाक्यात लिहा. वेळ ४५ मिनिटे. गुण दुरुस्तीला निम्मे, कारणाला निम्मे.